साथ, शाळा आणि मुलांचं मन: पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले आणि आठवडाभरात शाळांना कुलपं लागली. तेव्हापासून मुलांच्या मनाबद्दल आईवडील, आजीआजोबा आणि शिक्षक जे विचारत आले, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न टाळेबंदीतले आहेत, काही अजूनही येतात. तुमचं मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर बाकी सगळं सोडून तो प्रश्न आधी वाचा, किंवा सरळ १४४१६ ला फोन लावा. हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

साथ तर कधीच संपली. मग हे आता कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाचा हिशेब करून बघा. पहिलीचं अख्खं वर्ष त्याने वर्ग पाहिला नाही. पहिली ते चौथीच्या वर्गांना परवानगी मिळाली १ डिसेंबर २०२१ पासून. मुंबई-पुण्यात ते आणखी दोन आठवडे लांबलं, आणि जानेवारीत तिसऱ्या लाटेने पुन्हा कुलूप लावलं. म्हणजे हे मूल बाकावर नीट बसलं तेव्हा दुसरी संपत आली होती.

डबा वाटून खाणं, भांडून तासाभरात परत बोलायला लागणं, बाईंनी दुसऱ्याला शाबासकी दिली तर ते पचवणं, या गोष्टी ज्या वयात शिकायच्या ते वय चार भिंतींत गेलं. पाढे येत नाहीत हे प्रगतिपुस्तकात दिसतं. हे मात्र कुठल्याच रकान्यात दिसत नाही. अर्थात, मुलाची प्रत्येक खोड कोविडच्या नावावर खपवू नका. काही मुलं मुळातच लाजरी असतात आणि काहींना गणित २०१९ मध्येही आवडत नव्हतं.

खरंच एवढा परिणाम झाला, की आपणच बाऊ करतोय?

बहुतेक मुलं सावरली, हे आधी सांगायला हवं. काहींना तर टाळेबंदी आवडली. शाळेत ज्यांना कुणी छळत होतं किंवा ज्यांचे बाबा एरवी रात्री दहाला घरी यायचे, त्यांना विचारून बघा.

पण ज्यांना त्रास झाला त्यांची संख्या थोडी नव्हती. साथीच्या पहिल्या वर्षातल्या २९ अभ्यासांचा, जगभरातल्या सुमारे ८१ हजार मुलांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये आला. साधारण चारातल्या एका मुलात नैराश्याची आणि पाचातल्या एकात चिंतेची ठळक लक्षणं त्यात दिसली. आपल्याकडच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं आढळलं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'आजार तिप्पट झाले' असं सांगणारे मेसेज फिरत असतात. तसं म्हणता येत नाही, कारण पहिल्या आकड्यात प्रश्नावलीतून दिसलेली लक्षणं आहेत आणि दुसऱ्यात आजार मोजले आहेत.

मला यापेक्षा तिसरा आकडा जास्त खुपतो. युनिसेफने २०२१ मध्ये २१ देशांतल्या तरुणांना विचारलं, की मानसिक त्रास असेल तर दुसऱ्याची मदत घ्यावी का? 'घ्यावी' म्हणणाऱ्यांची सरासरी ८३ टक्के होती. भारतात ती ४१ भरली. म्हणजे त्रास असला तरी आपली निम्म्याहून जास्त तरुण पोरं तो गिळूनच बसणार.

लहान मूल बोलून दाखवत नाही. ओळखायचं कसं?

ते बोलत नसलं तरी वागण्यातून दाखवतं. तीन ते सहा वर्षांचं मूल मागे जातं. सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात येतो, अंथरूण ओलं होऊ लागतं, आई बाथरूमला गेली तरी दाराशी रडत बसतं. प्राथमिक शाळेतल्या मुलाचं पोट दुखतं, तेही बहुधा सकाळी आठला. डॉक्टर म्हणतात काही नाही, घरचे म्हणतात नाटकं करतोय. दुखणं खरं असतं. मन ताणाखाली असलं की लहान मुलांचं पोट खरोखरच दुखतं, म्हणून 'खोटं बोलतोस' हे वाक्य इथे काही कामाचं नाही.

आठवी-नववीनंतर उदासी बऱ्याचदा रडण्यातून दिसतच नाही. ती चिडचिडीतून दिसते. दार आपटणं, जेवणावर राग काढणं, रात्री तीनपर्यंत जागं राहून दुपारी उठणं, आवडीच्या क्रिकेटला किंवा डान्स क्लासला 'बोअर होतं' म्हणणं. यातलं एखादं लक्षण चार दिवस दिसलं तर घाबरू नका. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आणि त्यामुळे झोप, जेवण, अभ्यास, मित्र यांपैकी काही सुटत चाललं, तर दाखवून घ्या.

आजाराबद्दल, मृत्यूबद्दल मुलांना किती सांगायचं? घाबरतील ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि यावर माझं मत ठाम आहे. मुलं न सांगितलेल्या गोष्टीला जास्त घाबरतात. २०२० मध्ये घराघरात टीव्हीवर आकड्यांची पट्टी फिरत होती, बाबा गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलत होते, आई भाजी धुताना रडत होती, आणि मुलाने विचारलं तर उत्तर मिळत होतं, "काही नाही, तू खेळ." मुलाला कळत होतं की काहीतरी आहे. काय आहे ते कळत नव्हतं. मग उरलेलं चित्र ते स्वतः रंगवतं, आणि मुलांनी रंगवलेलं चित्र बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

मनातून तीन गोष्टी त्यांना हव्या असतात. हे माझ्यामुळे झालं का? हे मला किंवा आईबाबांना होईल का? तसं झालं तर मला कोण सांभाळेल? मूल हे प्रश्न या शब्दांत विचारत नाही, पण तुमच्या उत्तरात ही तिन्ही उत्तरं आली पाहिजेत. उदाहरणार्थ: "आजीला कोरोना झालाय. तिला श्वास घ्यायला त्रास होतोय म्हणून दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर प्रयत्न करतायत. ती बरी होईल अशी आम्हाला आशा आहे, पण नक्की सांगता येत नाही. तू तिच्याजवळ झोपायचास म्हणून तिला हे झालेलं नाही. मी आणि बाबा दोघंही आजारी पडलो तर मावशी येऊन राहणार आहे, आमचं तिच्याशी बोलणं झालंय." एवढं पुरतं. सात वर्षांच्या मुलाला ऑक्सिजनची पातळी सांगायची गरज नाही, पंधरा वर्षांच्याला ती विचारल्यावर लपवायची नाही.

मृत्यूबद्दल 'मेला', 'वारले' हे शब्द वापरायला आपल्याला जड जातं. म्हणून आपण 'देवाघरी गेले', 'झोपले', 'गावाला गेले' म्हणतो. श्रद्धेतलं 'देवाघरी' मोठ्यांना आधार देतं आणि ते म्हणायला हरकतही नाही, पण पाच वर्षांचं मूल शब्द जसेच्या तसे घेतं. देवाच्या घरून परत कधी येणार, हा त्याचा पुढचा प्रश्न असतो. आजोबा झोपले आणि उठलेच नाहीत असं सांगितलं तर त्याला रात्री झोपायची भीती वाटू लागते. म्हणून सोबत सरळ सांगा: त्यांचं शरीर बंद पडलं, आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, आणि ते परत येणार नाहीत. मूल हे ऐकेल, दोन मिनिटं गप्प बसेल आणि विचारेल, "मी सायकल घेऊन जाऊ?" यात दगड काळजाचं काही नाही. लहान मुलांचं दुःख तुकड्यातुकड्यांनी येतं. तोच प्रश्न रात्री पुन्हा येईल, आणि पुढच्या महिन्यातही. तेव्हाही हेच उत्तर द्या.

आमच्या घरातलं माणूस कोविडमध्ये गेलं. अंत्यदर्शनही झालं नाही. मुलगा अजून ते मानतच नाही.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, हे हजारो घरांत झालं. माणूस रुग्णवाहिकेत बसून गेलं आणि परत आला तो फोन. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह, स्मशानात मोजकी माणसं, अंत्यविधी पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या हातून. दहावं-तेरावं कुणी व्हिडिओ कॉलवर केलं, कुणी केलंच नाही. भेटायला नातेवाईक येतात, घरात पांढऱ्या साड्यांची गर्दी होते, शेजारून पिठलं-भाकरी येते, यातून मुलाला 'घरात मृत्यू झालाय' हे न सांगता कळत असतं. तेच काढून घेतलं गेलं होतं. तेव्हा मुलाने न मानणं हे समजण्यासारखं आहे.

निरोप उशिरा घेता येतो. वर्षश्राद्धाला, वाढदिवसाला, पितृपक्षात, ज्या रीतीने तुमच्या घरात चालतं तसं काहीतरी ठरवा. मात्र त्यात मुलाला काम द्या. फोटो त्याने निवडावा, आजोबांना आवडणारा शिरा त्याने ढवळावा, त्यांना सांगायचं राहून गेलं ते कागदावर लिहावं. तो कागद कुणाला दाखवायचा की नाही हे त्याचं तो ठरवेल. किशोरवयीन मुलांना घरातला विधी नकोसा वाटू शकतो. बाबांच्या जुन्या मित्रांना भेटून 'कॉलेजात बाबा कसे होते' हे ऐकणं त्यांना जास्त भावतं.

अपराधीपणाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण तो लपून राहतो. "मी खाली खेळायला गेलो होतो, मीच आणला असेल," असं वर्षानुवर्षं मनात ठेवणारी मुलं आहेत. काही घरांत तर मोठ्यांनीच रागाच्या भरात तसं म्हटलेलं असतं. म्हटलं असेल तर ते परत घ्या, स्पष्ट शब्दांत: "मी तेव्हा तसं बोललो ते चूक होतं. हा विषाणू कुठून आला ते कुणालाच कळलं नसतं." म्हटलं नसेल तरी मूल विचारण्याची वाट बघू नका, आपण होऊन सांगा.

वर्ष उलटूनही मूल त्या माणसाचं नावच काढू देत नसेल, किंवा उलट दुसरं काही बोलतच नसेल, शाळेत मन लागत नसेल, 'मलाही त्यांच्याकडे जायचंय' म्हणत असेल, तर तज्ज्ञाकडे जायला उशीर करू नका.

आईवडील गमावलेल्या मुलांसाठी सरकारी मदत काय आहे?

ज्यांचे दोन्ही पालक साथीच्या काळात गेले, त्यांच्यासाठी मे २०२१ मध्ये 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन' योजना आली. मुलाच्या वयाच्या १८ ते २३ दरम्यान दरमहा विद्यावेतन, २३ व्या वर्षी १० लाख रुपये आणि आरोग्य विमा असं तिचं स्वरूप आहे. राज्य सरकारने त्यावर जून २०२१ मध्ये ५ लाखांची मुदतठेव जाहीर केली. एकच पालक गेला असेल तर बालसंगोपन योजना लागू होऊ शकते. तिची मासिक रक्कम तेव्हा १,१०० रुपये होती, पुढे २,२५० झाली. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायची.

दुसऱ्या लाटेत 'दोन महिन्यांची अनाथ मुलगी, दत्तक हवी असल्यास संपर्क' असे मेसेज व्हॉट्सअॅपवर पळत होते. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण अशी परस्पर दत्तक देणं-घेणं बेकायदा आहे आणि त्यात मुलांच्या विक्रीचा धोका असतो. निराधार मूल दिसलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा. ते बालकल्याण समितीपुढे जाईल आणि दत्तकाचा निर्णय 'कारा' या केंद्रीय यंत्रणेच्या रीतीनेच होईल.

पैशाच्या मागे लागताना एक सांभाळा. मुलाला प्रत्येक कार्यालयात नेऊन 'हिचे आईबाबा गेले' हे तिच्यासमोर पुन्हा पुन्हा सांगू नका. फोटो काढून चेक देण्याच्या समारंभांबद्दल तर न बोललेलं बरं.

ऑनलाइन शाळेनंतर मूल वर्गात जायलाच तयार नाही. आता काय?

त्याच्या बाजूने बघा. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा होती आणि त्यासाठी काम करणारी माणसंही होती. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची, सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, कोकणात मुलं रेंजसाठी डोंगर चढली. तरी ज्या घरात एकच स्मार्टफोन आणि तोही बाबांबरोबर कामाला जाणारा, तिथे शिक्षण सुरू नव्हतं. ते मूल परत आलं तेव्हा त्याला फळ्यावरचं वाचता येत नव्हतं आणि बाकीच्यांना येत होतं. शाळा नको म्हणण्यामागे ही लाज बऱ्याचदा असते. आळस असतो तो नंतर.

आधी कारण शोधा: अभ्यासाची लाज, कुणी त्रास देतंय, की आपण घरी नसताना आईला काही होईल ही भीती? तिसरं कारण घरात मृत्यू किंवा मोठं आजारपण झालेल्या मुलांत हमखास दिसतं. आणि मग हळूहळू न्या. पहिल्या आठवड्यात दोन तास, पुढच्यात मधल्या सुट्टीपर्यंत, वर्गशिक्षकांना सांगून. रोज तीच वेळ, निरोप छोटा. दारात उभं राहून अर्धा तास समजावत बसलं की मूल आणखी घाबरतं. महिनामहिना घरी ठेवून 'मन तयार होईल' अशी वाट मात्र बघू नका. जेवढे दिवस घरी, तेवढं परत जाणं अवघड.

माझी मुलगी २०२१ च्या दहावीची. 'कोरोना बॅच', 'फुकटात पास' असं ऐकून ती खचली आहे.

त्या वर्षी दहावीची परीक्षा रद्द झाली, १६ जुलैला निकाल लागला तो ९९.९५ टक्के. संकेतस्थळ बंद पडलं आणि विनोद सुरू झाले. मूल्यमापनात ५० गुण नववीच्या निकालाचे होते, ३० दहावीच्या अंतर्गत परीक्षांचे, २० तोंडी-प्रात्यक्षिकांचे. नववीची दुसरी सत्र परीक्षाही २०२० च्या टाळेबंदीत रद्दच झालेली, म्हणजे पहिल्या सत्रात केलेला अभ्यास दोन वर्षांनी दहावीचे गुण ठरवणार होता आणि तो करताना कुणालाच ते माहीत नव्हतं. अकरावीसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा जाहीर झाली, मुलांनी पुन्हा पुस्तकं उघडली, आणि १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

यात 'फुकट' काय होतं ते मला अजून समजलेलं नाही. वर्षभर परीक्षा होणार-नाही होणार या टांगणीवर अभ्यास करणं हे तीन तासांच्या पेपरपेक्षा सोपं नसतं. पुढच्या बॅचचं वेगळंच: दोन वर्षं हाताने लिहिण्याची सवय मोडलेली आणि पेपर मात्र वर्गात. जानेवारी २०२२ च्या शेवटी 'परीक्षा ऑनलाइन घ्या' म्हणत धारावीत आणि नागपुरात मुलं रस्त्यावर आली, तेव्हा त्यांच्या मागणीची थट्टा झाली. मागणी चुकीची म्हणता येईल, पण धास्ती खरी होती.

तुमच्या मुलीला 'लक्ष देऊ नकोस' असं सांगून भागणार नाही. तिच्याशी हा वरचा सगळा घटनाक्रम बसून बोला. आपल्यावर काय गुदरलं हे नीट मांडून मिळालं की मुलांचा कणा ताठ होतो. आणि घरातल्या काकामामांनी जेवताना तो विनोद पुन्हा केला, तर तिच्याआधी तुम्ही बोला.

मोबाइल तेव्हा आपणच हातात दिला, आता सुटत नाही.

तेव्हा तोच वर्ग होता, तेच मैदान आणि तोच मित्रांचा कट्टा. म्हणून हिसकावून घेतल्यावर मूल जे आकांडतांडव करतं ते खेळण्यासाठी नसतं, माणसं तुटल्यासारखं वाटतं म्हणून असतं. आधी दुसरं काही द्या: संध्याकाळचं मैदान, एखादा क्लास, मित्रांना घरी बोलावण्याची मुभा. मग वेळ कमी करा. एकच नियम लावायचा असेल तर रात्री फोन झोपायच्या खोलीत नको, असा लावा. आणि तो आईबाबांच्या फोनलाही लागू.

मुलगा खोलीचं दार लावून बसतो. काळजी करावी का?

पंधराव्या वर्षी दार लावणं हे वयाचं लक्षण आहे. मित्रांशी तो बोलतो का, बाहेर पडतो का, जेवायला येतो का, हे बघा. आणि दार असलेलं घर हेच मुळात नशीब. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत दोन वर्षं काढलेल्या मुलीला एकटीने रडायलाही जागा नव्हती. अशा घरात तासभर बाहेर जाऊ देणं, गच्चीची किल्ली देणं, एवढंही पुष्कळ असतं.

शाळा सुटली म्हणून गावात मुलीचं लग्न ठरवत आहेत. हा मनाच्या आरोग्याचा प्रश्न आहे का?

हो, आणि गुन्हाही आहे. टाळेबंदीत कमी माणसांत, कमी खर्चात लग्न उरकतं म्हणून अनेकांनी ते उरकलं. ऊसतोड मजुरांच्या घरांत तर मुलीला एकटीला मागे कुठे ठेवायचं हा जुना प्रश्न होताच, शाळा बंद झाल्यावर तो आणखी टोकदार झाला. २००६ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावता येत नाही. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला किंवा १०९८ ला कळवा, कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं. मुलीशी बोलाल तेव्हा मात्र 'तुझी काय चूक' इथून सुरुवात करू नका. ती आधीच घरच्यांना अडचणीत आणल्याच्या ओझ्याखाली असते.

मूल 'मरावंसं वाटतं' म्हणालं तर?

खरं माना. 'लक्ष वेधून घेतोय' असं म्हणून सोडू नका. लक्ष हवं असेल तर तेही द्यायलाच हवं.

शांतपणे, सरळ विचारा: "जीव द्यावा असा विचार येतो का? कधीपासून? कसं करायचं ते ठरवलं आहेस का?" असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात विचार घातला जातो ही भीती निराधार आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ऐकताना ओरडू नका, रडून शपथा घालू नका, 'तुझ्यासाठी एवढं केलं' हा पाढा नको. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. "तुला जपण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन" हे खरं आहे, तेच बोला. मुलाला एकटं सोडू नका. घरातली औषधं, शेतावरची कीटकनाशकं कुलपात घाला, किल्ली स्वतःकडे ठेवा. मग १४४१६ ला फोन करा. धोका समोर दिसत असेल तर ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर किंवा सरळ जवळचं सरकारी रुग्णालय.

प्रयत्न झालाच असेल, तर पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा असं मानतो की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती. तिला शिक्षा करायची नसते, उपचार द्यायचे असतात.

दाखवायचं कुठे? खर्च परवडेल का?

आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. थायरॉइड, रक्त कमी असणं, झोपेचे विकार हे तपासून होतं. समुपदेशक बोलून मदत करतात, मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात आणि लागली तरच औषधं देतात. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, बऱ्याच ठिकाणी किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकही आहे. पुण्यात येरवडा, तसंच ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नावाला घाबरू नका, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून माणसं घरी जातात. शाळेच्या ताणासाठी केंद्राची 'मनोदर्पण' हेल्पलाइन ८४४८४४०६३२ आहे. 'लोक काय म्हणतील' याची चिंता असेल तर सुरुवात फोनवरून करा.

माझं मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. साथीनंतर ते खूप मागे गेलं.

थेरपी बंद, शाळा बंद, त्यात सगळ्यांच्या तोंडाला मास्क. चेहरे वाचायला आधीच कष्ट पडणाऱ्या मुलांचं यात फार नुकसान झालं. गेलेली कौशल्यं बऱ्याच अंशी परत येतात, पण जिथे सुटली तिथून सुरू करावं लागतं, वयानुसार जिथे असायला हवं तिथून नाही. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुन्हा मूल्यमापन करून घ्या.

मीच खचले आहे. मुलाला काय सावरू?

नोकरी गेली, घरात मृत्यू झाला, कर्ज झालं, तर कोणीही खचेल. मुलासमोर एकदा डोळ्यांत पाणी आलं म्हणून बिघडत नाही. "मला बाबांची आठवण येतेय, थोड्या वेळाने बरं वाटेल" असं सांगितलं की मूल शिकतं की रडून झाल्यावर माणूस उठतो, चहा करतो. मात्र मुलाला तुमचा सांत्वनकर्ता करू नका. थोरल्या मुलींवर हे ओझं नकळत पडतं. 'ती किती समजूतदार आहे' असं कौतुक होतं आणि तिला विचारायचं राहून जातं. १४४१६ मोठ्यांसाठीही आहे.

पुन्हा साथ आली तर यावेळी काय वेगळं करायचं?

घरात: दिवसाचं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात लावा. उठण्याची आणि जेवणाची वेळ नेमकी ठेवा, बाकी सैल चालेल. बातम्या दिवसातून एकदा, मुलांसोबत बसून, आणि नंतर टीव्ही बंद. घरातलं माणूस दवाखान्यात गेलं तर रोज एक ठरलेली वेळ ठेवून मुलांना खरी खबर द्या, ती वाईट असली तरी. शक्य असेल तर व्हिडिओवर भेट घडवा. घरात दोघंही आजारी पडल्यास मुलं कुणाकडे राहतील हे आधी ठरवा आणि मुलांना सांगा.

शाळेकडे: ऑनलाइन तास किती होणार हे सगळेच विचारतील. तुम्ही हेही विचारा की फोन नसलेल्या मुलापर्यंत आठवड्यातून एकदा तरी कोण पोचणार, वर्गशिक्षक प्रत्येक मुलाला अभ्यास सोडून इतर गोष्टींसाठी फोन करणार का, आणि मैदान सगळ्यात शेवटी उघडायचं की सगळ्यात आधी. २०२०-२१ मध्ये आपल्याकडे मॉल आणि हॉटेलं उघडली तेव्हा धाकट्यांचे वर्ग बंदच होते. पालकसभेत हे लेखी द्या, सह्या घेऊन.